वेल्डरचं पहिलं वर्ष गोव्यात: ओले रॉड, गंजकी प्लेट आणि हाताचं वळण

वेल्डर ट्रेडचं वर्ष गोव्यात ऐन पावसाळ्यात सुरू होतं. नवी तुकडी वर्कशॉपमध्ये उतरते तेव्हा हवेत इतका ओलावा असतो की संध्याकाळी ग्राइंडरने चकचकीत केलेली प्लेट सकाळी तांबूस झालेली दिसते. अभ्यासक्रम देशभर एकच आहे आणि त्यात ‘इलेक्ट्रोड (म्हणजे रॉड) कोरडे ठेवा’ हे एका ओळीत उरकलेलं असतं. वास्कोच्या बंदरालगत, मालीमच्या जेटीवर किंवा काणकोणच्या किनारपट्टीवर काम करणाऱ्याला मात्र वर्षभर झगडावं लागतं ते या एका ओळीशीच. म्हणून या लेखात चाप (रॉड आणि प्लेट यांच्यात पेटणारा आर्क) कसा पेटवायचा याच्याआधी काय करायचं, यालाच जास्त जागा दिली आहे. बीड, म्हणजे रॉड वितळून जोडावर बसलेली धातूची रेघ, बिघडते ती बहुतेक वेळा रॉड टेकण्यापूर्वीच.

प्रवेश घेताना

किमान पात्रता आठवी पास, वय चौदा पूर्ण, मुदत एक वर्ष. वर्षाचे 1200 तास धरलेले आहेत: 840 प्रात्यक्षिकाचे, 240 ट्रेड थिअरीचे आणि 120 रोजगारक्षमता कौशल्यांचे. त्याशिवाय 150 तास कारखान्यातलं प्रशिक्षण किंवा गटाने करायचा प्रकल्प. प्रात्यक्षिकात पास व्हायला 60 टक्के लागतात, थिअरीत 33. कशाला किती वजन आहे ते या दोन आकड्यांतच कळतं.

पेडे-म्हापसा, डिचोली, होंडा, फर्मागुडी, मडगाव, वास्को, काकोडा, काणकोण अशा ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत. त्या वर्षी वेल्डरची तुकडी कुठे भरणार ते प्रवेशपत्रकात पाहा. दोन ठिकाणांत निवड करायची वेळ आली तर इमारत बघून ठरवू नका. वर्कशॉपमध्ये जाऊन तीन गोष्टी विचारा. रॉड सुकवायचा ओव्हन चालू आहे का? सीओटू मशीन (रॉडऐवजी तार आणि कार्बन डायऑक्साइड वायू वापरणारं) प्रशिक्षणार्थींच्या हाताला लागते का? सरावाला प्लेटचे तुकडे पुरेसे मिळतात का? निदेशक चांगले असतील तर तेच आधी ओव्हन दाखवतात.

कपडे, हातमोजे, काच

सुती, जाड, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा आणि पँटचे पाय बुटावरून खाली आलेले हवेत, बुटात खोचलेले नकोत. पॉलिस्टरचं कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. चामड्याचा एप्रन, कोपरापर्यंतचे हातमोजे, पुढे पोलादी टोपी असलेले बूट. 160 अँपिअरपर्यंतच्या रॉड वेल्डिंगला 10 नंबरची काच पुरते, त्यापुढे 11. आतली काळी काच महाग, बाहेरची साधी काच स्वस्त. साध्या काचेवर ठिणग्यांचे डाग पडले की ती बदला. धूसर काचेतून बघत असाल तर हात आपोआप वाकडा जातो आणि दोष करंटला मिळतो.

शेजारच्या बूथचा चाप उघड्या डोळ्यांनी पाहिला तर त्या वेळी काही जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचू लागतं. बटाट्याच्या फोडी नि दुधाचे थेंब हे उपाय सर्रास सांगितले जातात. डोळ्यात काहीही घालू नका, डॉक्टरकडे जा.

आपल्याकडे अजून एक धोका घामाचा. मशीनच्या होल्डरवर काम सुरू नसताना 70 ते 80 व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते फारसे जाणवत नाहीत, पण घामाने भिजलेल्या हातमोज्यातून आणि ओल्या जमिनीवरून मात्र चांगलाच झटका देतात. हातमोज्यांच्या दोन जोड्या ठेवा आणि एक वाळत असताना दुसरी वापरा. उभं राहायला लाकडी फळी किंवा रबरी चटई घ्या. रॉड बदलताना होल्डर काखेत धरायची सवय लागू देऊ नका. जुन्या मिस्त्रींना ती असते, म्हणून ती बरोबर ठरत नाही.

रॉड

शिकायला सुरुवात होते ती ई 6013 ने. आकड्याचा अर्थ असा: 60 म्हणजे जोडाची ताणशक्ती किमान 60,000 पाउंड दर चौरस इंचाला, 1 म्हणजे सगळ्या पोझिशनला चालतो, आणि शेवटचे दोन आकडे मिळून फ्लक्स (रॉडवरचा लेप) नि करंटचा प्रकार सांगतात. 6013 सहज पेटतो, स्लॅग (बीडवर जमणारा फ्लक्सचा कडक थर) सहज सुटतो, एसी-डीसी दोन्हींवर चालतो. ग्रिल, गेट, घराच्या स्लॅबवर पावसासाठी मारायची पत्र्याची शेड, ही सगळी कामं त्याच्यावरच होतात.

दुसरा रॉड ई 7018, लो-हायड्रोजन, म्हणजे जोडात हायड्रोजन कमी सोडणारा. बार्ज, जहाज, प्रेशरचं काम, जाड प्लेट इथे हा लागतो. शिपयार्डमध्ये भरतीची चाचणी बहुधा याच्यावरच होते.

ओलावा रॉडचं नेमकं काय बिघडवतो ते समजून घेतलं तर सुकवण्याचा कंटाळा येत नाही. फ्लक्समध्ये शोषलेलं पाणी चापाच्या उष्णतेने फुटून हायड्रोजन होतो. 6013 मध्ये त्याने स्पॅटर (उडणारे धातूचे थेंब) वाढतं, बीडमध्ये बारीक छिद्रं पडतात आणि फ्लक्स तुकड्या-तुकड्याने उडतो. 7018 ने जाड किंवा कडक पोलाद जोडताना प्रकरण गंभीर होतं. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि बीड थंड झाल्यावर, कधी दीड-दोन दिवसांनीही, जोडाच्या कडेला तडा जातो. काम देताना बीड सुंदर दिसत असते, तडा नंतर येतो. म्हणून मोठी यार्डं वेल्डिंगनंतर 48 तास थांबून तपासणी करतात.

सुकवण्याचं मोजमाप:

6013: 100 ते 120 अंश सेल्सिअस, सुमारे तासभर. याहून तापवू नका. या फ्लक्सला थोडा ओलावा लागतोच, तो पूर्ण गेला की चाप अडखळतो.

7018: 300 ते 350 अंश, एक ते दोन तास. त्यानंतर 100 ते 120 अंशांच्या होल्डिंग ओव्हनमध्ये किंवा हातातल्या गरम डब्यात. बाहेर काढल्यावर सर्वसाधारण मर्यादा चार तासांची. त्यानंतर उरलेले परत ओव्हनमध्ये. कंपनीच्या पाकिटावर वेगळे आकडे असतील तर तेच पाळा.

ओव्हनमध्ये रॉड थंड असताना ठेवा आणि तापमान हळूहळू चढवा. तापलेल्या ओव्हनमध्ये ओला रॉड घातला तर आतली वाफ फ्लक्सला भेगा पाडते. आणि पुन्हा पुन्हा भाजलेला रॉड नवा होत नाही. 7018 दोनदा भाजून झाला की तो सरावाच्या ढिगात टाका.

ओव्हन बंद असेल, किंवा गावातल्या दुकानातून पाकीट फोडून सुटे रॉड आणले असतील, तर दोन रॉड हातात सैल धरून एकमेकांवर हलके वाजवा. कोरडे खणखणीत वाजतात, ओले ठस्स. होल्डरच्या टोकाकडे, जिथे फ्लक्स संपून उघडी तार सुरू होते, तिथे गंजाचं कडं किंवा फ्लक्सवर पांढरट बुरशीसारखा थर दिसला तर तो रॉड कामाला नाही. उन्हात वाळवून उपयोग होत नाही, आत शिरलेलं पाणी उन्हाच्या उबेने निघत नाही.

प्लेट साफ करणं

जोडाच्या दोन्ही बाजूंना 20 ते 25 मिमी, वर आणि खाली, चकचकीत धातू दिसेपर्यंत ग्राइंडर किंवा वायर ब्रश. हे वेल्डिंगच्या दिवशी करा, आदल्या दिवशी नको. सराव-तुकडे बॅगेत घरी नेऊन आणणारे काही जण असतात. त्यांनी ते निदान वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकमध्ये ठेवावेत.

ट्रॉलर किंवा बार्जची जुनी प्लेट असेल तर नुसतं ग्राइंडिंग पुरत नाही. मीठ खळग्यांत बसलेलं असतं. आधी गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, मग ग्राइंड करा. त्यानंतर गॅसची ज्योत जोडावरून फिरवा. पहिल्या फेरीत प्लेटवर घामासारखं पाणी उमटतं. ते ज्योतीतल्या वाफेचं, थंड प्लेटवर जमलेलं. तिथे थांबू नका, ते पूर्ण उडून प्लेट हाताला चांगली ऊन लागेपर्यंत फिरवा. बार्जच्या बंद टाकीत शिरायची वेळ आली, तर हवेची तपासणी, पंखा आणि तोंडाशी उभा माणूस या तिन्ही गोष्टींशिवाय आत जायचं नाही. शिकाऊ मुलाने तर अजिबातच नाही.

पत्र्याच्या शेडसाठी लोक हल्ली जीआय पाइप आणतात. जस्ताचा लेप जोडापासून दोन्ही बाजूंना 25 मिमी तरी घासून काढा. न काढता जाळलं तर पांढरा धूर निघतो, बीडला छिद्रं पडतात, आणि संध्याकाळी थंडी-ताप भरतो. गावाकडे त्याला मलेरिया समजून औषध घेतलं जातं. काम उघड्यावर करा, वारा येतो त्या बाजूला उभे राहा.

करंट आणि पहिली बीड

6013 ला सपाट पोझिशनमध्ये सुरुवातीचे आकडे: 2.5 मिमी रॉडला 60 ते 90 अँपिअर, 3.15 मिमीला 90 ते 130, 4 मिमीला 140 ते 180. पहिल्या आठवड्यात 10 मिमी प्लेट, 3.15 रॉड आणि 110 अँपिअर एवढंच धरून बसा. डायल दर दहा मिनिटांनी फिरवणाऱ्याला आपला हात चुकतोय की करंट हे कधीच कळत नाही.

अर्थिंगचा क्लॅम्प प्लेटवर घासलेल्या जागी लावा. रंगावर किंवा गंजावर लावलेला क्लॅम्प तापतो, चाप फडफडतो, आणि मुलं करंट वाढवत बसतात.

काडी ओढल्यासारखा रॉड घासून पेटवा, लगेच उचलून अंतर धरा. चापाची लांबी रॉडच्या तारेच्या जाडीएवढी, म्हणजे तीन मिमीच्या आसपास. रॉड पुढच्या दिशेकडे झुकलेला, प्लेटशी 70 ते 80 अंश. रॉड जळून आखूड होत जातो, त्यामुळे हात एकाच वेळी पुढे आणि खाली जायला हवा. नवख्याचा हात पुढे जातो, खाली जात नाही. चाप लांबतो, स्पॅटर उडतं, बीड पसरट होते. कोपर टेबलावर टेकवा किंवा दुसऱ्या हाताने मनगटाला आधार द्या.

कान वापरा. चाप बरोबर असला की तव्यावर मासळी तळल्यासारखा एकसारखा चरचर आवाज येतो. फटफट झाली तर चाप लांबला, आवाज दबला आणि रॉड चिकटायला लागला तर करंट कमी.

बीडची रुंदी तारेच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट. नजर चापाच्या झगमगाटावर नको, त्याच्या मागे वितळलेल्या धातूच्या कडेवर ठेवा. ती कड किती रुंद आहे त्यावरून वेग ठरवायचा. बीड संपवताना झटकन उचललं तर टोकाला खड्डा राहतो आणि त्यात ताऱ्यासारखा तडा पडतो. शेवटी रॉड क्षणभर मागे आणून खड्डा भरा, मग तोडा.

स्लॅग काळा पडल्यावर चिपिंग हॅमरने काढा. लाल असताना ठोकलं तर तो डोळ्याकडे उडतो. चिपिंगला पांढरा चष्मा हवाच, हेल्मेट वर केल्यावर डोळे उघडे पडतात ते याच वेळी.

सलग आठवडाभर बीड मारत राहा. मध्येच चवथीची सुट्टी येते आणि परत आल्यावर सगळ्यांचे हात सुटलेले असतात. आल्या दिवशी नवा जॉब घेऊ नका, अर्धा दिवस सरळ बीडच मारा.

टी जॉइंट

दोन प्लेट काटकोनात. टॅक (प्लेट जागेवर धरणारे छोटे वेल्ड) दोन्ही टोकांना 15 ते 20 मिमीचे, आणि टॅक पूर्ण वितळलेले हवेत. नुसता ठिपका लावला तर बीड मारताना तो सुटतो. बीड ओढून कोन बंद करते, म्हणून टॅक करताना उभी प्लेट बीडच्या विरुद्ध बाजूला दोन-तीन अंश कलती ठेवा आणि गुणिया लावून पाहा. रॉड दोन्ही प्लेटशी 45 अंश. आडव्या पोझिशनमध्ये वरच्या प्लेटला अंडरकट (बीडच्या कडेला खाच) पडतो आणि खाली धातू सांडतो. कारण एकच, करंट जास्त आणि चाप लांब. चाप आखूड करा आणि रॉड किंचित उभ्या प्लेटकडे वळवा.

तपासायला एका बाजूला बीड मारलेला टी व्हाइसमध्ये धरून हातोड्याने बीडच्या दिशेने मोडा. मोडलेल्या जागी कोपऱ्यात सरळ, न वितळलेली रेघ दिसली तर बीड वरवर बसली होती. वरून गुळगुळीत दिसणारी बीड आतून अशी निघाली की करंट वाढवायची खरी गरज कळते.

10 मिमीचा व्ही बट

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दृष्टीने आणि पुढे नोकरीच्या चाचणीलाही दोन प्लेट कडेला कड लावून व्हीच्या आकारात जोडायचा हा जॉब महत्त्वाचा. इथे घाई करू नका.

प्रत्येक प्लेटची कड 30 अंशांनी तिरकी कापा, म्हणजे दोन्ही मिळून 60. गॅस कटिंगने कापली असेल तर निळसर-काळा थर कानशीने पूर्ण काढा. खालच्या बाजूला दीड ते दोन मिमीची उभी कड ठेवा. मुलं ही कड अंदाजाने घासतात आणि ती एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला तीन मिमी होते. अशा जोडात रूट (जोडाचा तळ) कुठे गळते, कुठे लागतच नाही. पट्टीने चार ठिकाणी मोजा.

दोन्ही प्लेटमध्ये फट अडीच ते तीन मिमी. फट सारखी राहावी म्हणून फ्लक्स झाडलेली 2.5 ची तार मध्ये ठेवून टॅक करा. वेल्डिंग सुरू होतं त्या टोकाला अडीच, संपतं त्या टोकाला तीन ठेवली तर आकसून येणारी फट भरून निघते.

व्ही वरच्या बाजूला असल्यामुळे थंड होताना प्लेटच्या बाहेरच्या कडा वर उचलल्या जातात. म्हणून टॅक झाल्यावर जोडाच्या रेषेखाली पट्टी सरकवून मधला भाग दोन-तीन मिमी उंच ठेवा, बाहेरच्या कडा खाली. शेवटच्या रनपर्यंत प्लेट सपाट येते. सगळे रन होऊन वाकल्यावर हातोड्याने सरळ करत बसणं म्हणजे परीक्षेत गुण घालवणं.

रूट रन (तळाचा पहिला थर) 2.5 किंवा 3.15 च्या रॉडने, 3.15 ला 90 ते 100 अँपिअर. चापाच्या पुढे चावीच्या भोकासारखं गोल छिद्र सतत दिसायला हवं. ते दिसतं तोवर धातू खालपर्यंत जातोय. छिद्र मोठं होऊ लागलं तर वेग वाढवा किंवा रॉड जास्त आडवा करा. मिटलं तर थांबा, स्लॅग काढा, ग्राइंड करून तिथूनच पुन्हा धरा. मिटल्यावरही पुढे रेटत नेलेला रन पाठीमागून उघडा राहतो आणि रूट बेंड टेस्टमध्ये (तळ बाहेर येईल असा जोड वाकवून बघतात त्यात) तिथेच फाटतो.

प्रत्येक रननंतर स्लॅग पूर्ण निघाला पाहिजे, विशेषतः दोन्ही कडांच्या खोबणीतला. वायर ब्रशने निघत नसेल तर ग्राइंडरची कड लावा. ही खोबण राहिली की पुढच्या रनखाली स्लॅग अडकतो आणि एक्स-रेमध्ये दोन समांतर काळ्या रेघा दिसतात. भरायचे रन 3.15 किंवा 4 मिमीने, शेवटचा रन प्लेटच्या वर एक ते दोन मिमी. त्याहून उंच बीड मजबूत नसते, उलट तिच्या कडेला ताण साठतो.

डाय पेनिट्रंट (तडे, छिद्रं दाखवणारा रंग) उपलब्ध असेल तर वापरा: जागा साफ करा, लाल रंग मारून 10 ते 15 मिनिटं थांबा, कापडाने पुसा, पांढरा डेव्हलपर फवारा. लाल ठिपका म्हणजे छिद्र, लाल रेघ म्हणजे तडा. पुसताना क्लीनरचा फवारा थेट रंगावर मारून रंग धुऊ नका, खऱ्या तड्यातला रंगही निघून जातो.

गॅस आणि सीओटू, थोडक्यात

ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, धागे उजवे. ॲसिटिलीनचा मरून, धागे डावे आणि नटवर खाच. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल, ग्रीस, खोबरेल लागलेला हातसुद्धा लावायचा नाही, स्फोट होतो. ॲसिटिलीनचा दाब एक किलो दर चौरस सेंमीच्या वर कधीच नाही. सिलिंडर नेहमी उभा ठेवा. आडवा पडला असेल तर उभा करून तासाभराने वापरा. पेटवताना आधी ॲसिटिलीन, मग ऑक्सिजन. विझवताना आधी ॲसिटिलीन बंद. फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत मागे नळीत शिरू न देणारी झडप) नसलेल्या संचाला हात लावू नका.

सीओटूला 1.2 मिमी तार आणि गॅस 12 ते 15 लिटर दर मिनिटाला. इथे सगळ्यात मोठा शत्रू पंखा. उकाड्याने मुलं पंखा बूथकडे वळवतात, गॅस उडून जातो आणि बीड जाळीसारखी होते. मग सिलिंडर संपला की काय म्हणून शोध सुरू होतो. पंखा पाठीमागे, खालच्या बाजूला वळवा. समुद्राकडचं दार बंद ठेवा. तारेच्या रिळावर रात्री प्लास्टिकची पिशवी घाला, नाहीतर पावसाळ्यात तार गंजून लायनरमध्ये (तार पुढे नेणाऱ्या नळीत) अडकते.

नोकरीची चाचणी

कोर्सनंतर वर्षभराची ॲप्रेंटिसशिप करा. वेर्णा, कुंडई, होंडा, पिसुर्लेच्या कारखान्यांत आणि वास्कोच्या यार्डांत हात वेगळाच तयार होतो. जहाजबांधणीत इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या संस्थांच्या चाचण्या असतात. त्यात बहुधा 3जी, म्हणजे उभी प्लेट खालून वर. पाइपच्या कामाला 6जी, म्हणजे 45 अंशांत तिरका बसवलेला, न फिरणारा पाइप.

3जीसाठी आयटीआयमध्येच सराव धरा. करंट सपाटपेक्षा 10 ते 15 टक्के कमी, 7018 डीसीवर, होल्डर पॉझिटिव्हला. दोन्ही कडांना क्षणभर थांबा, मध्ये झटकन जा. मध्ये रेंगाळलं की बीड पोटाळते आणि कडांना अंडरकट येतो. पेटवलेल्या जागी 7018 ला छिद्रं पडतात, म्हणून 10 मिमी पुढे पेटवून मागे या आणि त्यावरून वेल्ड करत जा. चाचणीच्या दिवशी रॉड यार्ड देतं. ते गरम डब्यातून देतंय की उघड्या पाकिटातून, ते बघा, आणि उघड्यातून देत असेल तर ओव्हनचे मागा. विचारल्याने कोणी नापास करत नाही.